वरच्या खोलीतला हीटर

३ डिसेंबर

चि. टिल्लू,

आशीर्वाद गृहीत धर.

तुझं खोकं काल पोचलं. त्यावर मोठ्या अक्षरांत आईचं नाव आणि खाली बारीक अक्षरांत 'गॅस दुरुस्तीच्या दुकानाच्या वर'. दुकानाला नाव आहे, ते बाबांनी ठेवलंय, पण ते लिहायला तुझा हात धजला नसणार. असो. पोस्टमननं खोकं माझ्याच टेबलावर आणून आदळलं. म्हणजे शेगड्या, गीझर आणि हीटर दुरुस्त करून पोट भरणाऱ्या बाईच्या डोळ्यांदेखत, तिच्याच आईसाठी, एका सोफे विकणाऱ्यानं पाठवलेला गॅसचा हीटर उघडण्यात आला. शेजारचा चष्मेवाला हातातलं काम टाकून बघायला आला आणि "सुबक आहे हो" म्हणाला. त्याच्याकडून कुणी चष्मा करून घेऊ नये.

आईनं हीटर रुमालानं पुसला, जणू तूच लांबच्या प्रवासातून आला आहेस. म्हणाली, "बघ, वीज गेली की वर मला किती गारठा होतो, ते त्याला तिकडे बसून कळतं." मला इथे खाली बसून कळत नाही, असा त्याचा अर्थ. वीज गेली की खाली माझ्या खोलीत येऊन झोप, हे मी तिला गेले दोन हिवाळे सांगते आहे. तिला वरची खिडकी सोडवत नाही. तिथून रस्ता दिसतो आणि रस्त्यानं कधीतरी तू येशील असं तिला वाटतं. मी तिला सोफ्यांच्या दुकानाला सुट्टी नसते असं सांगते.

आता धंद्याचं ऐक. बाबांनी हे तुलाही शिकवलं होतं, पण तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास.

हीटर गॅसवर जळतो तेव्हा खोलीतली हवा खातो. खोली बंद असली की हवा अपुरी पडते, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यानं डोळे चुरचुरत नाहीत. म्हणून खिडकी थोडी उघडी हवी. पडदा, अंथरूण, लोकर हातभर तरी लांब हवी. झोपताना हीटर बंद म्हणजे बंद. टाकी बदलायची ती बाहेर, उघड्यावर, आणि जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघायचं. जास्तीची टाकी घरात ठेवायची नाही. आणि खोलीत गजर हवा, जो हा वायू वाढला की ओरडतो. माझ्या खणात असले गजर पाच पडलेत. गिऱ्हाइकाला मी गजराशिवाय हीटर हातात देत नाही.

तुझ्या खोक्यात गजर नव्हता. रिबीन मात्र होती.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतोस. पत्रात माणसाला निदान समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत वाचावं लागतं.

— ताई

१९ डिसेंबर

चि. टिल्लू,

तुझं उत्तर मिळालं. दीड पानाचं, त्यातलं एक पान हीटरच्या माहितीपत्रकातून उतरवलेलं. अक्षर सुधारलं आहे.

तू लिहितोस, 'हे घरात वापरायचंच मॉडेल आहे, यात सेन्सर आहे, हवेतला प्राणवायू कमी झाला की आपोआप विझतं, कलंडलं तरी विझतं.' माहितीबद्दल आभारी आहे. गेल्या बावीस वर्षांत मी असे किती सेन्सर काढले आणि बसवले याचा हिशोब मी ठेवलेला नाही. तो सेन्सर प्राणवायू मोजतो, विषारी वायू मोजत नाही. हीटरचा हवा घ्यायचा भाग कचऱ्यानं तुंबला की प्राणवायू पुरेसा असतानाही ज्योत वाईट जळते आणि सेन्सर गप्प बसतो. पण तू लिहिलं आहेस ना की काळजीचं काही कारण नाही, तर मग नसेल. माहितीपत्रक छापणाऱ्याला बाबांपेक्षा जास्त कळत असणार.

पुढे लिहितोस, 'तुझ्या स्वभावामुळेच कुणी तुला काही विचारत नाही.' गैरसमज आहे. मला रोज तीस माणसं विचारायला येतात, रांग लावतात. तू विचारायचास नाही, म्हणून त्या गिऱ्हाईक बाईच्या स्वयंपाकघरात तुझ्या हातून नळीची पकड सैल राहिली, भडका उडाला आणि तिचा पडदा, कपाट आणि निम्म्या भुवया गेल्या. त्यावर मी दुकानात तुला जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले, कारण चूकही सगळ्यांसमोर आली होती. तुला ते लागलं आणि तू गाव सोडलंस. भुवया त्या बाईच्या गेल्या, रुसून बसलास तू.

आई बरी आहे. वीज रोज चार-पाच तास जाते, त्यामुळे तुझा हीटर तिच्या पायाशी चालू असतो आणि ती विणत बसते. तुझ्यासाठीच विणते आहे, करड्या लोकरीचा स्वेटर, बाह्या पूर्ण झाल्या आहेत. डोकं दुखतं म्हणते. दुपारी मळमळतं. खाली येऊन दुकानात स्टुलावर बसली की अर्ध्या तासात बरी होते, गिऱ्हाइकांशी गप्पा मारते, चष्मेवाल्याचा चहा पिते. वर गेली की पुन्हा डोकं धरून बसते. दुखण्याचं मूळ मला ठाऊक आहे. वर तिचा फोन असतो आणि तो वाजत नाही. आठवड्यातून दोन मिनिटं बोलणाऱ्या मुलाची वाट बघून कुणाचंही डोकं चढेल.

तिच्या हीटरला मी हात लावलेला नाही. ज्याची वस्तू त्यानं बघावी. गजराचंही तेच.

— ताई

७ जानेवारी, इस्पितळ

टिल्लू,

आईच्या फोनवर तुझे काल दुपारचे चार कॉल दिसताहेत. तिनं ते का उचलले नाहीत, ते लिहिते.

काल सकाळपासून वीज नव्हती. तीनच्या सुमारास मी वर गेले. दार उघडेना. खालच्या फटीत तिनं लोकरीच्या पट्ट्या कोंबल्या होत्या, वारा येऊ नये म्हणून. खांद्यानं ढकललं. आई पलंग आणि खुर्ची यांच्या मधे जमिनीवर पडली होती. हीटर चालू होता, जाळी लाल असायची तिथे पिवळी आणि काळी. तुझा सेन्सर व्यवस्थित होता, त्यानं काहीही केलं नाही.

श्वास रोखून मी आधी खिडकी गाठली. तिथेही पट्ट्या ठासलेल्या. पान्यानं ओरबाडून काढल्या, खिडकी उघडली, हीटरचा खटका बंद केला आणि आईला काखेत धरून जिन्यावर ओढलं. चष्मेवाला हाकेसरशी आला. तिचे पाय त्यानं धरले. खाली नेईपर्यंत त्याचा स्वतःचा चष्मा पडला आणि त्याच्याच पायाखाली फुटला, तरी तो थांबला नाही. त्याच्याबद्दल मी आधी जे लिहिलं ते मागे घेते.

इथे तिला मुखवटा लावून प्राणवायू देताहेत. जिवाचा धोका टळला असं डॉक्टर सकाळी म्हणाल्या. तिनं डोळे उघडले आहेत. मला ओळखते.

तिला त्या खोलीत कसं वागायचं हे कुणीही सांगितलेलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं. वस्तू पाठवून द्यायची आणि माहितीपत्रकावर भरवसा ठेवायचा, ही तुझी रीत. तुझ्या रिबिनीसकट ती इथे येऊन पडली आहे.

येऊ नकोस. तू आलास की तिला बसून बोलावंसं वाटेल आणि तिला बोलायला मनाई आहे.

— ताई

१० जानेवारी

टिल्लू,

आई सुधारते आहे. परवा घरी सोडतील. शब्द शोधायला तिला वेळ लागतो. चमच्याला 'ते खायचं' म्हणाली. हे हळूहळू भरून येईल असं डॉक्टरांचं म्हणणं आहे, पण त्याला 'बहुतेक' जोडून.

तुझा हीटर काल दुकानात खोलला. हवा घ्यायच्या छिद्रात करडी लोकर होती, नमद्यासारखी दाबून बसलेली. महिनाभर ती हीटरशेजारी विणत होती, तिचे तंतू उडून आत गेले. फुंकर मारून आणि बारीक ब्रशनं साफ करायला चार मिनिटं लागली. माझ्या दुकानात शाळकरी मुलीलाही जमेल असं काम.

त्यानंतर मी बराच वेळ तो टेबलावर तसाच ठेवून बसले होते. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या या म्हटलं.

डॉक्टर तरुण बाई आहेत, कागदावर सगळं लिहून घेतात. त्यांनी मला विचारलं, "आधी काही त्रास होता का? डोकेदुखी, मळमळ, बाहेर गेल्यावर बरं वाटणं?" मी हो म्हटलं. "किती दिवस?" मी म्हटलं, तीन आठवडे. त्यांनी माझ्या व्यवसायाच्या रकान्यात आधीच 'गॅस उपकरणं दुरुस्ती' असं लिहिलेलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. पेन थोडा वेळ त्याच ओळीवर थांबलं, एवढंच. मला कुणी त्या नजरेनं बघायची सवय नाही. त्या नजरेनं मी लोकांकडे बघते.

मग त्यांनी आईला विचारलं, "आजी, खिडकी बंद करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

आईनं मुखवटा बाजूला केला आणि म्हणाली, "कुणी नाही. माझ्याच मनानं केलं. कुणाला विचारलं नाही."

तू निरोप पाठवला आहेस की तुला यायचंच आहे. मी नाही म्हटलंय.

— ताई

१५ जानेवारी

टिल्लू,

आई घरी आली. खाली माझ्या खोलीत झोपते. तिच्या उशाशी गजर लावला, चाचणीचा खटका दाबून तिला तो ऐकवला. ती म्हणाली, "केवढा ओरडतो, अगदी तुझ्यासारखा." तिला विनोद सुचतो आहे हे चांगलं लक्षण आहे.

सात तारखेच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. आई डॉक्टरांशी खोटं बोलली आणि मी शेजारी उभी राहून ते बोलू दिलं, हे दुसरं. दोन्ही आता लिहून टाकते. तुझ्यासाठी नाही. खोटा जोडलेला जोड मला बघवत नाही.

आईनं विचारलं होतं. मला विचारलं होतं.

एकोणतीस डिसेंबरला, दुपारी बाराला. मी एका गीझरच्या बर्नरवरची काजळी खरवडत होते, दोन गिऱ्हाइकं वाट बघत बसली होती. आई तो दुखरा गुडघा घेऊन चौदा पायऱ्या उतरून आली. हातात तुझं माहितीपत्रक. म्हणाली, "अगं, यात लिहिलंय खिडकी थोडी उघडी ठेवा. पण मग ऊब सगळी बाहेर जाते. थोडी म्हणजे किती असते? बोटभर चालते की वीतभर लागते?"

मी वर न बघता म्हटलं, "ज्यानं पाठवलाय त्याला विचार. तो सांगेल बोटं मोजून."

गिऱ्हाइकं हसली. आईही हसली. आपल्यावर हसताहेत हे कळलंय असं दाखवायचं नसलं की माणूस हसतो, तसं. मग तिनं तो कागद चार घड्या करून मुठीत धरला आणि म्हणाली, "बरं, तुझं चालू दे." पुन्हा चौदा पायऱ्या.

बोटं उभी करून दाखवायला मला एक क्षण लागला असता. परक्या माणसांना मी तो दिवसातून दहादा देते, आणि न ऐकणाऱ्यांना झापते. तिचं डोकं दुखणं, खाली आल्यावर उतरणं, हे लक्षण मी गिऱ्हाइकांकडून पाठ करून घेते. घरात ते चौदा पायऱ्यांवर चालू होतं आणि मी तुला टोमणा मारायला त्याचा उपयोग केला. पत्रात लिहिलाही. एकोणीस तारखेचं पत्र तुझ्याकडे असेल तर फाडू नकोस. ते मला लागेल.

आणखी एक. मी त्या दिवशी वर का गेले, ते लिहिलं नव्हतं. आईची चौकशी करायला गेले नव्हते. वरून तिच्या फोनची घंटा तक्तपोशीतून सारखी खाली येत होती. चौथ्यांदा वाजला तेव्हा मी वैतागले. तुझाच असणार हे मला ठाऊक होतं. फोन उचलून तुला दोन शब्द सुनवावेत म्हणून मी जिना चढले. तू तीनदा वाजवून सोडून दिला असतास तर मी चार वाजता चहाला हाक मारली असती, आणि डॉक्टरांच्या हिशोबानं तेव्हा उशीर झाला असता.

हे उपकार म्हणून मान्य करायला मला जड जातं आहे, म्हणून फक्त लिहिते आहे.

— ताई

२४ जानेवारी

टिल्लू,

तुझं पत्र आलं. एकच पान, आणि या वेळी कुठूनही उतरवलेलं नाही.

मी तीनदा वाचलं. एकोणतीस डिसेंबरला संध्याकाळी तुला तिचा फोन आला. तू शोरूममध्ये होतास, तुझे साहेब समोर होते. तिनं विचारलं, "खिडकी बोटभर की वीतभर?" आणि तू म्हणालास, "घरात एवढी मोठी जाणकार बसवून ठेवली आहेस, तिला विचार की. मला काय कळतंय." आणि ती म्हणाली, "बरं, तुझं चालू दे."

तेच शब्द. शब्दाला शब्द.

म्हणजे तिनं दुपारी मला विचारलं, संध्याकाळी तुला विचारलं. दोघांनी तिला एकमेकांकडे पाठवलं. ती मधल्या मधे राहिली, आणि तिला थंडी वाजत होती, म्हणून तिनं खिडकी बंद केली. आणि शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना सांगितलं की कुणाला विचारलं नाही. मला वाटलं होतं ती मला पाठीशी घालते आहे. मला त्याचा, खरं सांगते, थोडा अभिमानही वाटला होता. ती दोघांनाही घालत होती. तुझं मला कळू नये, माझं तुला कळू नये. आपण कळलेलं कसं वापरतो, हे तिला माहीत आहे.

तू लिहितोस, 'हे वाचून तू मला जन्मभर बोलशील, तर बोल.' बोलले असते. महिन्याभरापूर्वी हे हाती लागलं असतं तर मी त्यावर दहा पत्रं लिहिली असती, आणि चांगली लिहिली असती. आज बसले, दोन ओळी लिहिल्या आणि बघितलं तर प्रत्येक शब्द मलाही तितकाच बसत होता. तो कागद शेगडीत घातला.

तुझ्याबद्दलचं माझं मत फारसं बदललेलं नाही. तू हलगर्जी आहेस आणि रुसका आहेस. मी हुशार आहे आणि माझ्या हुशारीजवळ येताना माझी आई कागदाच्या चार घड्या करते. या दोहोंत वाईट काय, ते ठरवायला मी बसत नाही.

येत्या रविवारी ये. दुकान बंद असतं. सकाळची गाडी धर, म्हणजे दहापर्यंत पोचशील. आईला आपण दोघांनी समोर बसून सांगायचं आहे की तिनं विचारलं होतं आणि आपण सांगितलं नाही. ती 'राहू दे' म्हणेल. राहू द्यायचं नाही. डॉक्टरांकडेही जाऊन त्यांचा कागद दुरुस्त करायचा आहे. त्यात 'रुग्णाने स्वतःहून' असं लिहिलंय, ते मला चालत नाही. आधी मी बोलेन, मग तू. माझं संपेपर्यंत मध्ये बोलू नकोस. तुझ्या वेळी मी गप्प राहीन. मला ते कितपत जमेल माहीत नाही, पण तू बोलत राहा.

तिच्यासमोर एकदम भावूक होऊ नकोस, तिला थकवा येतो. शब्द अजून चुकतात. चष्मेवाल्याला ती 'काचवाले' म्हणते आणि त्याला ते आवडलंय. नावंही चुकतात. काल संध्याकाळी मी आत भाजी चिरत होते, तिनं बाहेरून "टिल्लू" अशी हाक मारली. चुकून मारली की कसं, ते मी विचारलं नाही. मी ओ दिली आणि बाहेर गेले.

— ताई